आधी गॅरेज, मग घर

नोएडातल्या आमच्या प्लॉटवर खोदाई सुरू झाली तेव्हा लोकांना वाटलं, आम्ही पोहण्याचा तलाव बांधतोय. लोकांची तशी चूक नव्हती. त्या सेक्टरमध्ये तेव्हा घरं कमी आणि आखून ठेवलेले रस्ते जास्त होते. मधूनमधून मोहरीची शेतं उरलेली होती आणि कधी सकाळी एखादी नीलगाय विजेच्या खांबाला अंग घासत उभी दिसायची. जो तो आपलं घर वर चढवत होता. आम्ही तेवढे खाली निघालो होतो.

शेजारी एकच घर पूर्ण झालेलं होतं. भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक बंगाली गृहस्थ तिथे राहत. छत्री घेऊन ते कुंपणाशी आले, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "ये क्या बना रहे हैं आप?"

"गॅरेज," मी म्हणालो.

"नीचे?"

"जी, नीचे."

"गाड़ी कितनी हैं?"

"तीन."

त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरकडे पाहिलं, मग पुन्हा खड्ड्याकडे. "पानी आएगा," एवढंच म्हणाले आणि परत गेले.

त्या तीन गाड्या माझ्या नव्हत्या, माझ्या बायकोच्या होत्या. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होतो. लग्न होऊन ही कोल्हापूरहून दिल्लीला आली ती आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. तिच्या वडिलांचं कोल्हापुरात मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. इतर मुलींना आई स्वयंपाकघरात हाक मारायची, हिला वडील गाडीखाली बोलवायचे. कॉलेजात जाईपर्यंत ती आख्खं इंजिन उतरवून, साफ करून, पुन्हा बसवायला शिकली होती. दिल्लीत हे सगळं एकदम थांबलं. घरात माझी स्कूटर होती. ती तिने इतक्या वेळा उघडली की शेवटी मीच हात जोडले.

हात रिकामे असले की तिला घरात थांबवत नसे. आधी आमच्या ब्लॉकमधले मिक्सर दुरुस्त झाले, मग कुकर, मग उन्हाळा आला की सगळ्यांचे कूलर. वरच्या मजल्यावरच्या मद्रासी बाई तर मेकॅनिकला न बोलावता थेट आमची बेल वाजवायच्या. तरीही संध्याकाळ झाली की हिची येरझार सुरू व्हायची. पाहुणे आले तरी चहा उभ्यानेच घ्यायची. माझी आई पुण्याहून आली की म्हणायची, "अगं, टेक जरा. पायाला भिंगरी लागलीये का तुझ्या?"

"बसले की मला काहीतरी विसरल्यासारखं वाटतं हो आई," ही म्हणायची.

मग बाजार खुला झाला. इतकी वर्षं रस्त्यावर दोन-तीनच प्रकारच्या गाड्या दिसायच्या, आता दर काही महिन्यांनी नवीन नाव यायला लागलं. ही मला प्रत्येक शोरूममध्ये घेऊन जायची. आम्ही गाडी घेणार नव्हतो, हे तिथल्या टायवाल्या मुलांना पहिल्या मिनिटात कळायचं. ती मुलं मला रंग सांगायची, ॲव्हरेज सांगायची. ही मध्येच म्हणायची, "बॉनेट खोलिए ज़रा." बॉनेट उघडलं की आत वाकून ती बराच वेळ बघत राहायची. एकदा बसस्टॉपवर म्हणाली, "सगळं झाकून टाकलंय. वरून बघून काही कळतच नाही." त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी घराचं कुलूप बदलून टाकलंय.

तिचे वडील वारले, त्यानंतर थोड्या दिवसांनी तिच्या भावाचा फोन आला. वर्कशॉपची जागा बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. मागच्या शेडमध्ये तीन जुन्या गाड्या पडून होत्या. एक सुरुवातीच्या काळातली अँबॅसडर, एक लांब नाकाची इंग्लिश गाडी, जी एका संस्थानिकाने बिलाच्या बदल्यात सोडून दिली होती, आणि एक इंजिन नसलेली जीप.

"ताई, सोमवारी भंगारवाला येणार आहे," भाऊ म्हणाला. "तुला आठवण म्हणून काही हवंय का? हॉर्न वगैरे?"

"कशालाही हात लावू नकोस," ही म्हणाली. "मी येते."

एकटीच गेली आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून गाड्यांसकट परत आली. गाड्या फरिदाबादला एका ओळखीच्याच्या गोदामात ठेवल्या. जागेतल्या तिच्या वाट्यातून काय करायचं, हे तिने ट्रकमध्येच ठरवलं होतं. माझ्या नावावर नोएडात लॉटरीत लागलेला एक प्लॉट होता. मी तिथे निवृत्तीनंतर घर बांधायचं म्हणत होतो. एक हॉल, दोन बेडरूम, मागे तुळस आणि कढीपत्ता, असं माझं साधं चित्र होतं.

"घर होईल हो," ती म्हणाली. "आधी गॅरेज."

आर्किटेक्ट तिशीची एक पंजाबी मुलगी होती. तिने पहिल्यांदा जमिनीवरच तीन गाड्यांची शेड काढून दाखवली. तेवढ्यात प्लॉट संपला. घर कुठे, असं मी विचारलं तर ती हसली. मग तिनेच सांगितलं, की तळघर बांधलं तर ते बांधकामाच्या मोजमापात धरत नाहीत. हिचे डोळे चमकले ते मी पाहिले. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

"पण गाड्या खाली उतरणार कशा?" मी विचारलं.

आर्किटेक्टने उताराचा रस्ता काढला. तो इतका लांब झाला की शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. तो आखडून तीव्र केला तर लांब नाकाच्या गाडीचं नाक घासलं असतं. दोघी कागदावर डोकं घालून बसल्या होत्या. मग बायकोने पेन्सिल घेऊन गेटच्या लगेच आत एक चौकोन काढला. "लिफ्ट. गाडी इथे आणायची, थेट खाली. आणि खाली फिरती तबकडी. गाडी त्यावर चढवायची, हाताने फिरवायची, पाहिजे त्या दिशेला तोंड."

"मॅडम, ये तो विदेश में होता है," आर्किटेक्ट म्हणाली.

"तो यहाँ भी हो जाएगा," ही म्हणाली.

आमची मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, तळघर म्हणजे बेसमेंटच ना? मग असं बोला ना यार, मला वाटलं देवघरासारखं काहीतरी."

खड्डा खोल होत गेला तशी माझी झोप आणि भूक दोन्ही कमी झाली. ऑफिसात बैठकीला बसलो की समोरच्या फाइलऐवजी मला त्या खड्ड्याच्या कडा दिसायच्या. एखादी कड ढासळली असेल, कुणी मजूर खाली असेल, असं उगाच मनात यायचं. मग जेवणाच्या सुट्टीत त्या बंगाली शेजाऱ्यांना फोन लावायचो. ते नाव न विचारताच सांगायचे, "अभी नहीं आया."

ऑगस्टच्या शेवटी आलं. वरून नाही, खालूनच. सकाळी मजूर उतरायला गेले तर तळाला पाणी चमकत होतं, स्वच्छ, विहिरीसारखं. यमुना आमच्यापासून फार लांब नव्हतीच. दोन पंप लावले. ते दिवसभर धडधडायचे आणि पाणी गटारात सोडायचे. संध्याकाळी बंद केले की सकाळी पुन्हा तेवढंच पाणी. मी म्हणालो, बुजवून टाकू या. ही खड्ड्याच्या कडेने फेऱ्या मारत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मजुरांना ओलांडून.

शेजारी छत्री टेकवत आले. मला वाटलं, आता ऐकवणार. पण ते हिच्याबरोबर चालायला लागले. तिच्याच वेगाने, धापा टाकत.

"मैंने बोला था," ते म्हणाले.

"हाँ दादा, बोला था. अब क्या करूँ, ये बोलिए."

मग त्यांनी सांगितलं. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला जायला वाट द्यायची. खड्ड्याच्या चारी बाजूंनी खडी भरून नळ्या टाकायच्या, पाणी एका विहिरीत गोळा करायचं, तिथून पंपाने बाहेर. आणि आतली भिंत अशी जाड करायची, की जणू नदीत होडी ठेवतोय. दोन महिने ते रोज येत राहिले. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून हे पहिल्यांदाच वेळेवर जेवतायत.

गॅरेज तयार झालं तेव्हा वरच्या घराच्या फक्त भिंती उभ्या होत्या. पण खाली पांढऱ्या टाइल्स, रांगेने दिवे, भिंतीवर हत्यारांचे फळे, एका बाजूला गाडीखाली उभं राहून काम करायची चर, मध्ये लोखंडी तबकडी. छताला एका ठिकाणी जाड काचेच्या विटा बसवल्या होत्या, त्यातून दुपारचं ऊन खाली एका गाडीच्या टपावर पडायचं. मी पहिल्यांदा जिना उतरून खाली गेलो आणि चपला शेवटच्या पायरीवरच काढल्या. माझ्या सरकारी नोकरीत मी इतकी नीटनेटकी जागा पाहिली नव्हती.

उद्घाटनाला हिने सगळ्यांना बोलावलं. आर. के. पुरमचे जुने शेजारी, महाराष्ट्र मंडळातली चार-पाच कुटुंबं, आर्किटेक्ट, बंगाली दादा आणि त्यांच्या पत्नी. दुपारची वेळ होती. पहिली उतरणार होती लांब नाकाची गाडी, कारण तीच चालू झाली होती. हिने नेसायला हिरवी पैठणी काढली होती आणि पायात कॅनव्हासचे बूट. नारळ फोडला. ती गाडीत बसली, गाडी लिफ्टवर घेतली, हात दाखवला. मी बटण दाबलं. गाडी संथपणे जमिनीत जायला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीचा टप जमिनीच्या पातळीला आला आणि वीज गेली.

नोएडात वीज जाणं ही काही बातमी नव्हती. जनरेटर पुढच्या आठवड्यात यायचा होता. लिफ्ट बनवणारा फरिदाबादचा कारागीर हळदीच्या कार्यक्रमाला गेला होता. गाडी भिंतींच्या मध्ये अशी बसली होती, की तिचं एकही दार उघडत नव्हतं. मी पालथा पडून काचेतून खाली पाहिलं.

"घाबरू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला घाबरतेय?" ती म्हणाली. "येईल वीज."

आली नाही. पाहुण्यांनी लाडू खाल्ले. कुणीतरी वीज खात्यात फोन लावून आलं, तो कुणी उचलला नाही. ऊन गाडीच्या टपावर सरळ पडत होतं. ती खिडकी उघडून पुन्हा बंद करायची, सीटवर पुढे सरकायची, मागे सरकायची. मग तिने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मग वाजवतच राहिली.

मी पुन्हा पालथा झालो. "काय झालं?"

"अहो, मला इथे बसवत नाहीये," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "काहीतरी करा. खाली जा. लिफ्टच्या पंपाशेजारी तेलाचा व्हॉल्व्ह आहे, तो सोडला की लिफ्ट आपोआप उतरते. पण हळू. एकदम सोडलात तर मी आपटेन."

मी टॉर्च घेऊन जिना उतरलो. काचेच्या विटांवर पाहुण्यांच्या चपला आणि सतरंजी पडलेली, त्यामुळे खाली अंधारच होता. माझ्या शेजारी, खांद्याच्या उंचीला लिफ्टची लोखंडी फळी आणि त्यावर गाडी, गाडीत बायको. पंप सापडला. त्याच्या बाजूला तीन मुठी होत्या.

"कुठली?" मी ओरडलो.

"लाल!" वरून आवाज आला.

"टॉर्चमध्ये सगळ्याच लाल दिसतायत!"

"मधली! डावीकडे फिरवा!"

"माझ्या डावीकडे?"

"अहो, डावी एकच असते!"

मूठ घट्ट होती. हाताने हलेना. भिंतीवरून एक पाना काढला, तो उलटा लावला, सुलटा लावला. वर हॉर्न थांबला होता आणि ते मला जास्त वाईट वाटत होतं. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही; लाडू चांगले झालेत असंही म्हणालो असेन. मग मूठ एकदम हलली, फुस्स आवाज झाला आणि फळी हळूहळू खाली यायला लागली. मी घाबरून पुन्हा घट्ट केली. पुन्हा सैल केली. अशी थांबत, कचरत गाडी जमिनीला टेकली.

ती दार उघडून बाहेर आली. पैठणी घामाने चिकटली होती. गाडीकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. टाइल्सवर फतकल मारून बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मी शेजारी बसलो.

"वर कुणाला सांगू नका," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"मी रडले ते."

वर गेलो तर बंगाली दादा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "पानी तो नहीं आया ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. वरचं घर झालं, आम्ही राहायला आलो. दर रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन यायला लागले. ग्रेटर कैलाशचा एक दंतवैद्य, गुडगावच्या कुठल्याशा परदेशी कंपनीतला एक मोठा साहेब, असे लोक. पहिल्यांदा येणारा माणूस मला बघून हात पुढे करायचा, "सर, क्या गैराज बनाया है!" मी खाली बोट दाखवायचो. खाली ही कपाळावर ग्रीस लावून चरीत उभी असायची. माझं काम चहा नेण्याचं. ते मला आवडायचंही. तेव्हा ती एका जागी तासन्तास असायची, आणि मला वाटायला लागलं होतं, की झालं, हिची भिंगरी सुटली.

मग सेक्टर भरला. मोहरी गेली. एकेका प्लॉटवर चार मजले उठले, प्रत्येक मजला वेगळा विकला गेला, आणि प्रत्येक मजल्याला दोन गाड्या, कुणाकुणाला तीन. त्या ठेवायला कुणी जागा केलीच नव्हती. रस्ता आधी एका बाजूने भरला, मग दोन्ही बाजूंनी, आणि शेवटी आमच्या गेटसमोर. लिफ्ट गेटच्या लगेच आत. समोर गाडी उभी असली की आमची एकही गाडी बाहेर निघायची नाही.

ही बेल वाजवत फिरायची. "भाईसाहब, गाड़ी हटा लीजिए, हमें निकालनी है."

"मैडम, आपकी तो अंदर सेफ है," लोक म्हणायचे. "हमारी तो धूप में खड़ी है."

बोर्ड लावला, तो रात्रीत नाहीसा झाला. कुंड्या ठेवल्या, त्या सरकवल्या गेल्या. एकदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जायचं होतं. तिने आठवडाभर अँबॅसडर पुसून ठेवली होती. सकाळी गेट उघडलं तर समोर एक भलीमोठी काळी गाडी. तिचा मालक कुटुंबासकट मनालीला गेलेला. ही गेटमध्ये उभी राहिली, मग त्या काळ्या गाडीभोवती फिरायला लागली. तिने तिच्या बॉनेटवर हात ठेवला. मला वाटलं, आता ही उघडते. पण तिने हात काढला आणि आत आली.

"अहो, खाली ठेवलेली गाडी म्हणजे काय?" तिने विचारलं. "तुम्हीच सांगा. लोणचं?"

मी गेट लावून घेतलं.

लांब नाकाची गाडी तिने दंतवैद्याला दिली. अँबॅसडर आणि जीप तिने नोएडाच्या पलीकडे, दनकौरच्या बाजूला एका गावात नेल्या. तिथे एका शेतकऱ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेतली, रस्त्याच्या अगदी कडेला, चारी बाजूंनी उघडी. आमच्या सेक्टरपर्यंत मेट्रो आली होती, पण तिकडे जायला अजून बसच होती. रोज सकाळी डबा घेऊन ती निघायची. मी तोवर निवृत्त झालो होतो. गॅरेज रिकामं पडलं. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात बसवत नाही, म्हणून मी खाली एक खुर्ची नेली, मग टेबल, मग पुस्तकांचं कपाट. आता माझे दिवस तिथेच जातात. लोक भाड्याने मागतात, गोदाम म्हणून. मी नाही म्हणतो. पंप अजून दिवसातून थोडा वेळ चालतो आणि तो चालू झाला की मला बरं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा मीही तिच्याबरोबर शेडवर गेलो. जीपला इंजिन बसलं होतं. ही ती शेतातल्या बांधावरून चालवत आली, कानाला मफलर गुंडाळलेला, आणि माझ्यासमोर थांबवून बंदही न करता म्हणाली, "बसा." आम्ही एक चक्कर मारली. मग चहा घेताना ती रस्त्यापलीकडे बघत होती. तिथे सर्व्हेवाल्यांनी जमिनीत लाल खुंट्या ठोकल्या होत्या.

"इथूनही रस्ता जाणार म्हणतात," ती म्हणाली. "मोठा. विमानतळाचा."

"मग?"

"मग काय. आणखी लांब, जेवरच्या पुढे एक जागा बघून ठेवलीये."

परत येताना ती अँबॅसडर चालवत होती. सेक्टरच्या तोंडाशी गाड्या अडकलेल्या होत्या, पुढे काहीच हलत नव्हतं. सगळे हॉर्न वाजवत होते. तिने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि पुढे काय झालंय ते बघायला गाड्यांच्या मधून चालत निघून गेली.